गावच्या फौजीची खोली कशी उभारायची

माझ्या काकांच्या संग्राम पदकाच्या कडेवर त्यांचा आर्मी नंबर आणि नाव होतं. आता ते वाचता येत नाही. काकू दर २६ जानेवारीच्या आदल्या रात्री चिंचेचा कोळ आणि राख घेऊन ते पदक घासायची. सकाळी काका ते छातीवर लावून शाळेच्या झेंडावंदनाला जायचे. प्रेमानं केलेलं काम होतं, पण तीस वर्षांत अक्षरं झिजून गेली. मी स्वतः फौजेत चोवीस वर्षं क्लार्क होतो. माणसं नंबरावरून शोधणं हेच माझं काम. तरी सुट्टीवर आलो की ते पदक नुसतं हातात घेऊन पाहायचो. कडेवरची अक्षरं वहीत उतरवून घ्यावीत हे कधी सुचलं नाही, आणि ही खंत अजून जात नाही.

त्या पदकापासून आमची खोली सुरू झाली, गावातल्या फौजींची पदकं, पत्रं, फोटो मांडलेली. आमचं गाव धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. आता आजूबाजूच्या गावांतून लोक येतात, विचारतात, "भाऊ, आम्हालाही करायची आहे, सुरुवात कुठून करू?" त्यांना जे तोंडी सांगतो तेच इथे लिहितो.

सुरुवात कपाटापासून करू नका. आधी एक जागा पाहून या. निवृत्त झाल्यावर मी आणि सौ. कोडगूला गेलो होतो, तेव्हा मडिकेरीत जनरल थिमय्यांचं घर पाहिलं. त्याचं नाव 'सनी साईड'. ३१ मार्च १९०६ ला मडिकेरीत जन्मलेला हा मुलगा पुढे १९५७ ते १९६१ देशाचा लष्करप्रमुख झाला. त्यांच्या या घरात बरीच वर्षं सरकारी कचेरी होती. ती हलवून घराचं संग्रहालय केलं, आणि ६ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते ते उघडलं. मला तिथे सगळ्यांत भावलं ते हे की माणूस बालपणापासून क्रमानं भेटत जातो. आधी मुलगा, मग कोवळा अफसर, मग कुटुंब, मग काश्मीर, कोरिया, सायप्रस. डीएसओ (ब्रिटिशांचा युद्धसन्मान), पद्मभूषण ही नावं पुढे येतात तोवर तो माणूस आपल्या ओळखीचा झालेला असतो. पदकांपाशी आलो तेव्हा मला काकांची आठवण आली. जनरल आणि तोफखान्यातला ड्रायव्हर, अंतर मोठं आहे. पण गावानं दोघांसाठी करायचं काम एकच: त्याचं आयुष्य खरं आणि क्रमानं मांडायचं.

एवढ्या लांब जाणं जमत नसेल तर अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय धुळ्या-जळगावकडून एका मुक्कामात होतं. चिलखती दलाचं केंद्र तिथेच आहे, देशोदेशीचे रणगाडे उघड्यावर मांडलेत. पोरांना न्या. आणि धुळ्यातलं राजवाडे संशोधन मंडळ तर हाताशीच आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि १९२७ साली त्यांचे कागद सांभाळण्यासाठी ही संस्था निघाली. खान्देशच्या माणसांनी कागद जपण्याचं काम शंभर वर्षांपूर्वी हाती घेतलं होतं, हे तिथे गेल्यावर जाणवतं. कागद कपड्यात कसा बांधतात, यादी कशी ठेवतात, ते नीट पाहून या.

आता कामाचं. पहिले तीनचार महिने एकही वस्तू मागू नका, फक्त कागद पाहा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, जुनी पत्रं. डिस्चार्ज बुकात नंबर, पलटण, भरतीची तारीख, कुठली पदकं मिळाली हे सगळं असतं. ते हरवलं असेल तर त्या त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहावं लागतं: मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचं पुण्यात खडकीला. अर्ज वारसाच्या सहीनं जाऊ द्या आणि त्यात नंबर घाला. नंबराशिवाय अर्ज म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज गेला तर बरं पडतं, कारण माजी सैनिकाची आणि वीरपत्नीची नोंद तिथे असते.

पत्रं सापडली तर पाकिटं फेकू नका. आमच्याकडे एका माउलीनं नवऱ्याची पत्रं जपली होती, पाकिटं मात्र चुलीत घातली होती. पाकिटावर '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' असा फौजी टपाल कचेरीचा पत्ता असतो. ढोबळ मानानं ५६ म्हणजे पश्चिम-उत्तरेकडची पलटण, ९९ म्हणजे पूर्वेकडची. फौजी पत्रात ठिकाण लिहीत नाही, त्यामुळे तो कुठल्या बाजूला होता हे कळायला पाकीट फार उपयोगी पडतं.

आता पदकं. इथे मी जरा थांबणार आहे, कारण गावोगावच्या फलकांवर सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात.

पदकं दोन जातींची. एक नावानं मिळतं, अमुक दिवशी अमुक ठिकाणी अमुक धाडस केलं म्हणून: परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र, आणि युद्धाबाहेरच्या शौर्यासाठी अशोक चक्र, कीर्ती चक्र, शौर्य चक्र. सेना पदकही नावानंच मिळतं, पण ते शौर्यासाठीही असतं आणि कर्तव्यनिष्ठेसाठीही, म्हणून कशासाठी मिळालं ते कागदावर पाहूनच लिहा. दुसरी जात म्हणजे त्या युद्धात किंवा त्या भागात ठरलेल्या अटींनुसार जे जे होते त्या सगळ्यांना मिळणारी: १९६५ चं समर सेवा स्टार आणि रक्षा पदक, १९७१ चं पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम पदक. शिवाय नऊ आणि वीस वर्षांच्या सेवेची पदकं असतात. दुसऱ्या जातीच्या पदकाला 'शौर्यपदक' म्हणायचं नाही. म्हटलं की ज्यानं खरंच वीर चक्र मिळवलं त्याचा मान आपण कमी करतो, आणि ज्याचं पदक आहे त्याच्या नावावर एक खोटी गोष्ट चढवतो. त्याची नोकरी तशीही मानाचीच आहे. तिला आपण भर घालण्याची गरज नाही.

फितीवरूनही ओळख पटते. परमवीर चक्राची फीत पूर्ण जांभळी. महावीर चक्राची अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. छातीवर सगळ्यांत वरच्या मानाचं पदक छातीच्या मध्याकडे, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं. फोटो उलटा छापला गेला असेल तर पदकांचा क्रम उलटतो, आणि त्यावरून फोटो उलटा आहे हे कळतं. आमच्या एका बॅनरवर असाच उलटा फोटो लागला होता. शर्टाचं बटणही चुकीच्या बाजूला होतं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

एकच सन्मान दुसऱ्यांदा मिळाला तर दुसरं चक्र देत नाहीत, त्याच फितीवर बार लावतात. महाराष्ट्रातल्या माणसाला हे समजावायला जनरल अरुणकुमार वैद्य यांच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. अलिबागचे. १९६५ मध्ये लेफ्टनंट कर्नल असताना डेक्कन हॉर्स या रणगाड्यांच्या पलटणीचं नेतृत्व केलं, असल उत्तर आणि चीमा इथल्या लढायांसाठी महावीर चक्र. १९७१ मध्ये ब्रिगेडियर म्हणून १६ व्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे प्रमुख, शकरगढ भागात सुरुंगांच्या पट्ट्यांतून रणगाडे पार नेले, बसंतर नदीच्या लढाईत झुंजले, आणि महावीर चक्राला बार. १९८३ ते १९८६ लष्करप्रमुख. १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात त्यांची हत्या झाली. आमच्या खोलीत त्यांचा एक फलक आहे, आणि तो तिथे का आहे ते आता सांगतो.

आमचं सगळं गाव सांगायचं की काका ढाक्याला होते. एकाहत्तर म्हटलं की ढाका, असं लोकांनी धरलं होतं. काका स्वतः युद्धाबद्दल बोलायचे नाहीत, आणि कुणी ढाका म्हटलं की गप्प राहायचे. मी पदकं पाहिली तर पूर्वी स्टार नाहीच. पश्चिमी स्टार आहे. नाशिकरोडच्या रेकॉर्डमधून कागद आला, त्यातही पश्चिम आघाडीच. म्हणजे काका ढाक्याला नव्हते, पंजाब-जम्मूच्या बाजूला तोफा ओढणारी गाडी चालवत होते. त्याच थंडीत त्याच आघाडीवर जनरल वैद्यांची ब्रिगेड लढत होती. फलक म्हणून आहे. काका त्यांच्या हाताखाली होते असं मात्र आम्ही कुठेही लिहिलं नाही, कारण तसा कागद नाही.

चुलतभावाला हे रुचलं नाही. "ढाका राहू द्या ना, कोणाचं काय जातंय?" असं तो म्हणाला. मी त्याला काकांचं पश्चिमी स्टार हातात दिलं आणि त्यावरची अक्षरं वाचायला सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "लिहा, माझ्या आप्पांचं जे आहे तेच लिहा."

वस्तू घेताना कागद करा. दोनच प्रकार ठेवा: कायमची भेट, किंवा सांभाळायला दिलेली. घरातल्या सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, मुलींच्याही. पदक थोरल्यानं दिलं आणि धाकट्याला विचारलं नाही, यावरून भावकीत अबोला झालेला मी पाहिलाय. खरं सांगायचं तर मूळ पदक मागूच नका. वीरपत्नीच्या ट्रंकेतून तिच्या धन्याचं पदक काढून आपल्या काचेत ठेवण्यात काही मोठेपणा नाही. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो घ्या, मोठे छापा, पदक तिच्याकडेच राहू द्या.

रजिस्टर साधं, शाळेच्या हजेरीबुकासारखं, पण शाईत लिहिलेलं. अनुक्रमांक, वस्तू, कोणी दिली, कधी, काय अवस्थेत, कुठे ठेवली. फोटोच्या मागे मात्र पेनानं लिहू नका, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलनं कडेला हलकं लिहा.

जतनाचं बरंचसं काम म्हणजे काय करू नये याची यादी आहे. पदक घासायचं नाही: ना चिंच, ना राख, ना बाजारातली पावडर. कोरडं मऊ सुती कापड पुरे. बोटांच्या घामानं धातू डागाळतो, म्हणून सुती हातमोजे घाला. पत्रं लॅमिनेट करायची नाहीत, त्या प्लास्टिकमधून कागद परत सुटत नाही. सेलोटेप नाही, रबरबँड नाही. काचेच्या कपाटात पदकांखाली लोकरीचं किंवा फेल्टचं कापड अंथरू नका, त्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. स्वच्छ धुतलेलं, रंग न दिलेलं मांजरपाट चालतं. नव्या प्लायवूडचा वास जाईपर्यंत कपाट उघडं ठेवा, मगच भरा. पत्रं आणि फोटो स्कॅन करून भिंतीवर प्रती लावा, अस्सल कागद पेटीत ठेवा.

आपल्या भागाचे प्रश्न वेगळे आहेत. धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, मग एकदम पावसाळ्याची दमट हवा. कोरडं-दमट असं होत राहिलं की फोटो वळतात. वाऱ्यानं येणारी शेताची माती फटीतून आत जाते. आमची खोली म्हणजे ग्रामपंचायतीचं जुनं धाब्याचं घर. भिंती जाड, म्हणून उन्हाळ्यात आत गार असतं, आणि नव्या स्लॅबच्या खोलीपेक्षा मला तेच पसंत आहे. पण धाब्याची माती गळते. वरून जाड कापडाचं छत ताणून घेतलं, कपाटं भिंतीपासून तीन बोटं पुढे घेतली, पायांखाली दगड दिले, कारण वाळवी भिंतीतून येते. पश्चिमेची खिडकी बंद केली. उन्हानं फितींचे रंग उडतात, आणि एकदा उडालेला रंग परत आणता येत नाही. दिवा फक्त कोणी पाहायला आलं की लावायचा. लोकरीची जर्सी, अंगोला शर्ट असेल तर कसर लागते. वर्षातून दोनदा सावलीत झटकून पाहायचं आणि धुतलेल्या मलमलीत गुंडाळायचं. कडुनिंबाचा पाला आम्ही ठेवतो, पण कपड्याला लागू देत नाही, वेगळ्या पुरचुंडीत.

काडतुसं, गोळे, कुठलंही हत्यार घ्यायचं नाही. निकामी आहे असं कितीही सांगितलं तरी नाही. १९५९ चा शस्त्र कायदा आहे, आणि गोळा निकामी आहे की नाही हे आपण ठरवू शकत नाही. शेतात किंवा माळ्यावर असं काही निघालं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

चौकात रणगाडा हवा, ही मागणी दरवेळी तरुण मंडळी करतात. सैन्यातून काढलेले रणगाडे संरक्षण मंत्रालयाच्या परवानगीनं संस्थांना मिळतात हे खरं आहे. पण विजयंता रणगाडा जवळजवळ ४० टनांचा. तो आणायचा, पक्का पाया घालायचा, दर वर्षी रंग लावायचा, हे ज्या गावाला झेपेल त्यानं करावं. रंग उडालेला, आत कचरा साठलेला रणगाडा मी एका चौकात पाहिला आणि फार वाईट वाटलं. तेवढ्या पैशात चांगली काचेची कपाटं आणि दहा वर्षांची देखभाल होते.

आता मजकूर. प्रत्येक फलक चाळीस शब्दांत बसवा. 'शूरवीर', 'महापराक्रमी', 'भारतमातेचा सुपुत्र' हे शब्द काढून टाका आणि त्या जागी माणसानं काय केलं ते लिहा. उदाहरण देतो. थिमय्यांच्या फलकावर पहिल्यांदा एकानं लिहिलं होतं, 'काश्मीरच्या रणभूमीवर अतुलनीय शौर्य गाजवले'. आम्ही ते बदलून असं केलं: '१ नोव्हेंबर १९४८. साडेअकरा हजार फुटांवरची झोजिला खिंड. लेहची वाट शत्रूनं अडवलेली. ७ व्या लाइट कॅव्हलरीचे रणगाडे बुरूज उतरवून गुपचूप वर आणले. हल्ल्याच्या दिवशी मेजर जनरल थिमय्या पुढच्या रणगाड्यात होते.' सातवीची पोरं पहिल्या फलकासमोरून निघून जायची. दुसऱ्यासमोर थांबतात आणि विचारतात, "बुरूज उतरवले म्हणजे कसे?" (बुरूज म्हणजे रणगाड्यावरचा तोफेचा फिरता भाग.)

काकांचा फलक असा आहे: 'तोफखाना, ड्रायव्हर. १९७१, पश्चिम आघाडी. पश्चिमी स्टार, संग्राम पदक. युद्धानंतर गावी पत्र आलं, त्यात एकच गोष्ट विचारली होती: बैल विकला का?' ते पत्र शेजारच्या चौकटीत आहे.

एका भिंतीवर आपल्या मुलखाचा जुना फौजी इतिहासही घ्या, आणि तो सोयीचा तेवढाच घेऊ नका. १८२५ मध्ये आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं खान्देशात भिल्ल पलटण उभी केली, धरणगाव हे तिचं ठाणं. आणि १८५८ मध्ये खाज्या नाईकांचे भिल्ल अंबापाणीला इंग्रजांशी लढले. दोन्हीकडे याच डोंगरातली माणसं होती. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी लावा. आमच्याकडे पाड्यावरची मंडळी येतात तेव्हा त्या भिंतीपाशी सगळ्यांत जास्त वेळ थांबतात.

म्हाताऱ्या माणसांचे आवाज आधी रेकॉर्ड करा, बाकी कामं थांबली तरी चालतील. पंखा बंद करून, दुपारच्या वेळी, मोबाइल मांडीजवळ ठेवून. अहिराणीत बोलू द्या. प्रमाण मराठीत बोलायला सांगितलं की आठवणी अर्ध्यावर येतात. युद्धाचं पहिल्यांदा विचारू नका. भरतीला कोणत्या गाडीनं गेलात, पहिल्या पगारात काय घेतलं, भाकरीऐवजी काय खायला मिळायचं, असं विचारा. लढाई मग आपोआप येते, किंवा येत नाही, आणि आली नाही तर ओढायची नाही. बायकांनाही बसवा. मी काकूसमोर फोन ठेवला तेव्हा ती आधी म्हणाली, "इतला दिन कोठे व्हता रे भाऊ?" आणि मग दोन तास बोलली. नवरा सीमेवर असताना विहिरीचा हिस्सा कसा राखला, तारवाला गल्लीत दिसला की सगळ्या बायका दाराआड कशा व्हायच्या, हे काकांकडून मला कधीच कळलं नसतं.

जुन्या फोटोंतली माणसं ओळखायची असतील तर आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, वाट पाहा. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, घरात निवांतपणा असतो. आम्ही मोठ्या छापलेल्या प्रती ओट्यावर मांडल्या आणि प्रत्येक चेहऱ्याला आकडा दिला. तीन दिवसांत अठरा चेहऱ्यांना नावं मिळाली. त्यांतली बहुतेक नावं सासरहून आलेल्या आत्यांनी आणि बहिणींनी सांगितली. एका नावाला किमान दोन जणांची साक्ष असल्याशिवाय आम्ही ते फलकावर घेत नाही.

उद्घाटन कुणाच्या हस्ते यावर वेळ घालवू नका. आमचं कुलूप गावातल्या सगळ्यांत वयस्कर वीरपत्नीनं उघडलं. किल्ली कुणाकडे राहणार हे मात्र त्याच दिवशी ठरवा आणि दारावर लिहा. आमच्याकडे दोन किल्ल्या आहेत, एक शाळेत, एक माझ्याकडे. रविवारी सकाळी खोली उघडी असते. पाऊस सरला की कोजागिरीच्या आसपास सगळी कपाटं रिकामी करून रजिस्टरशी एकेक वस्तू ताडून पाहतो. गेल्या वेळी क्रमांक २३ ची फीत कडेला विरायला लागलेली दिसली. ती काढून सपाट पेटीत ठेवली आहे, आणि तिच्या जागी आता फोटो लावला आहे.